गूळ कमी झालाय

माशी महिना लागला की आमच्या गल्लीत मोपेडवरून मावडू येतात. माशी म्हणजे आमच्या तंजावुरातला माघ-फाल्गुनाच्या मधला महिना, आणि मावडू म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या कोवळ्या कैऱ्या, आत बाठा धरायच्या आधीच तोडलेल्या. विकणारा आता स्वतः ओरडत नाही. भोंग्यात आवाज भरून ठेवलाय, तो आपला एकसुरात चालू असतो आणि हा बाबा खुशाल फोनवर बोलत असतो. भाताची कापणी उरकलेली असते, कालवे कोरडे पडलेले असतात, खेड्यांतून येणाऱ्या बसच्या टपावर पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या दिसतात. उन्हाला जोर आलेला असतो, पण घामाच्या धारा अजून लागलेल्या नसतात. लोणच्याचं ऊन म्हणतो आम्ही याला.

यंदाही तो आला. मी सूप घेऊन दारात गेले, निवडून निवडून मावडू घेतले आणि आत वळले. आमचे हे ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते. मी सूप त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, यंदा बरे आहेत ना? त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "सरी."

सरी म्हणजे तमिळमध्ये 'बरं', 'ठीक आहे'. दिवसातून शंभरदा कानावर पडणारा साधा शब्द आहे. पण हे जेव्हा सरी म्हणतात तेव्हा मला ते ऐकवत नाही.

कारण हा माणूस असा नव्हता हो. पूर्वी मावडूवाला आला की हे लुंगी वर खोचून रस्त्यावर जायचे. एक कैरी नखानं फोडायची, देठाचा चीक हुंगायचा, आणि त्याला सांगायचं की ही तू म्हणतोस त्या झाडाची नव्हेच, तू कुठून तरी वाऱ्यानं पडलेली गोळा करून आणलीस. तो बिचारा शपथा घ्यायचा. शेजारच्या राजम मामी गॅलरीत येऊन मजा बघायच्या. हे ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत होते, कालव्यांच्या पाण्याचं काम बघायचे, आणि साऱ्या कालव्यांना वळण लावल्यावर घरातल्या माणसांनाही लावावं, असा त्यांचा आयुष्यभराचा समज होता. आमटी पातळ, भात मऊ, ताक कोमट, पंख्याचा आवाज जास्त. लग्न होऊन आले तेव्हा मी दिवसाआड रडायची. पुढे रडायचं सोडून उत्तरं द्यायला शिकले. मीही काही कमी नाही. शाळेत जन्मभर हिंदी शिकवली, पोरं माझ्या नावानं चळाचळा कापायची. त्या हिंदीमुळेच ही देवनागरी अक्षरं हाताशी राहिली, नाही तर इथल्या आमच्या मराठी घरांत मराठी बोलणारे पुष्कळ, लिहिणारे शोधावे लागतात.

आमच्या घरी लोणचं करताना चाखत नाहीत. न्हाऊन, सोवळ्यानं करायचं, आणि नैवेद्य होईपर्यंत जिभेला लावायचं नाही. मीठ किती, तिखट किती, सगळं हाताच्या अंदाजानं. सासूबाईंनी मला माप म्हणून काही सांगितलं नाही. त्यांनी माझी मूठ धरून मिठाच्या भांड्यात बुडवली आणि म्हणाल्या, एवढं. त्या दिवसापासून माझी मूठ हेच माप. वेदारण्यमचं खडं मीठ, त्याच्या निम्मी मिरची, तिळाचं तेल, मेथी, हिंग, आणि मग गूळ. हा गूळ म्हणजे आमची ओळख. राजम मामींच्या घरी मीठ, ऊन आणि तिखट, बस्स. आमची बरणी बघून त्या दरवर्षी तेच विचारायच्या, ऊरुगायमध्ये गूळ घालता, मग पायसमात काय घालता? ऊरुगाय म्हणजे लोणचं, पायसम म्हणजे खीर. मी म्हणायची, आमचे पूर्वज घोड्यावरून आले तेव्हा बरोबर दोनच गोष्टी घेऊन आले, एक मराठी आणि एक गूळ, आता मराठीचा तर पार सांबार झालाय, निदान गूळ तरी राहू द्या.

बरणी उघडायच्या दिवशी वाटीत चमचाभर लोणचं, वर तुळशीचं पान, आधी देवाला. मग यांच्या पानात डावीकडे. हे करंगळीनं खार उचलायचे, जिभेला लावायचे, डोळे मिटायचे. मी वाढायचं थांबवून उभी. मग हे वर पंख्याकडे बघत निकाल द्यायचे.

"गूळ कमी झालाय."

दर वर्षी. एकदाही चुकलं नाही. लिंबाचं असो, नारत्तंगाय म्हणतात त्या ईडलिंबाचं असो, परसातल्या गाजराचं असो. मी चिडायची. तुम्हाला ताटभर पायसमच वाढते म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन गुळाचा पाक करायची, निवला की बरणीत ओतायची आणि वर ढवळायची. म्हणजे पाहा, आमच्या घरचं लोणचं यांच्या तक्रारीशिवाय पुरं व्हायचंच नाही. ती तक्रार धरूनच त्याची कृती होती.

एका वर्षी मी हट्टाला पेटले. आधीच भरपूर गूळ घातला, म्हटलं बघू आता काय म्हणतात. यांनी करंगळी चाटली, डोळे मिटले, गूळ कमी झालाय. मग मीही काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी उगाच कढई आपटली, डाव वाजवला आणि जेवताना तेच लोणचं पुन्हा वाढलं. हे म्हणाले, हां, आता जमलं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. आमची मुलगी वसुधा तेव्हा कॉलेजात होती. तिनं विचारलं, अम्मा, काय झालं? तिला सांगितल्यावर तीही लोळून हसली. ते गुपित आम्ही दोघींनी अजून त्यांना सांगितलेलं नाही. आता सांगून उपयोग नाही. ऐकतील, आणि सरी म्हणतील.

साखर यांना बरीच वर्षं होती. गोळ्या घ्यायचे आणि लाडूही खायचे. मी ओरडायची, हे ऐकायचे नाहीत, आणि त्यातच आमचा संसार मजेत चालला होता, हे मला आत्ता कळतंय. मग एका कार्तिकात नवी चप्पल लागून पायाच्या करंगळीला फोड आला. एवढासा. तो भरेना. काळा पडायला लागला तेव्हा मोठ्या इस्पितळात ठेवावं लागलं. शेजारच्या खाटेवर तिरुवैयारकडचा एक माणूस होता, यांच्याच वयाचा, चांगला नारळाच्या बागेचा मालक. त्याचा पाय गुडघ्यापासून काढला होता. चादर एका बाजूला उंच आणि एका बाजूला सपाट. तो माणूस फार बोलका होता, दिवसभर गप्पा मारायचा, आणि हे त्याच्याशी बोलताना त्या सपाट चादरीकडे बघत राहायचे. यांचा पाय वाचला. बोटसुद्धा वाचलं. देवाची कृपा म्हणून मी बृहदीश्वराला जाऊन आले. पण घरी आला तो माणूस मात्र वेगळाच होता.

डॉक्टरांनी सांगितलं, गोड बंद. गूळ, साखर, मध काही नाही. हे म्हणाले, सरी. मी तोंडाकडे बघतच राहिले. घरी कढी वाढली तर सरी. भात अर्धा केला तर सरी. आधी मला काय आनंद झाला म्हणून सांगू. राजम मामींना कठड्यावरून हाका मारून सांगितलं, अहो मामी, आमच्या घरात स्वर्ग उतरलाय, हे शहाण्यासारखे ऐकतात. वसुधाला बंगळूरला फोन करून सांगितलं. इतक्या वर्षांची लढाई मी जिंकले होते ना.

आणि मग माशी आला. तो माशी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी पदर खोचला. बिनसाखरेचं, पण आमच्या चवीचं लोणचं करून दाखवीनच, असा पण केला. परसाला आम्ही कोल्लै म्हणतो. आमची कोल्लै काही मोठी नाही, पण विहिरीच्या कठड्यावर कारल्याचा वेल, कुंपणाला तोंडली, वाफ्यात गाजरं आणि बीट, एका कोपऱ्यात आंबेहळद, आणि मधे नारत्तंगायचं काटेरी झाड, मोठ्या ईडलिंबासारखी फळं धरणारं. सगळ्यांवर प्रयोग झाले. वसुधानं कुरियरनं कसलीशी गोड पूड पाठवली. ती पाकात घालून उकळली तर कडू झाली. खजूर घालावा म्हटलं, तर तीच म्हणाली, अम्मा, तेही साखरच. बोलते ती अर्धं तमिळ, अर्धं इंग्रजी, मधे एखादा मराठी शब्द खड्यासारखा. पण ओरडताना अगदी बापावर गेली आहे. मग मी गोड तुळस आणली. सीनी तुळस म्हणतात इथे, पानं चावली की साखर. ती वाटून गाजराच्या लोणच्यात घातली. दिसायला सुरेख झालं. चवीला खोकल्याचं औषध.

यांच्या पानात पहिलं ते वाढलं. करंगळी, जीभ. डोळे मिटले नाहीत. "बरं आहे," म्हणाले, आणि पुढे जेवू लागले. मी उभीच. मी विचारलं, गूळ नाही त्यात, कळतंय ना? हे म्हणाले, सरी.

मग आंबेहळदीचे काप लिंबाच्या रसात मुरवले, ते चांगले झाले, खरंच चांगले झाले. बरं आहे. तोंडल्याच्या चकत्या मोहरी फेसून केल्या. बरं आहे. मला कौतुक वाटायचं बंद झालं आणि राग यायला लागला. अहो, एवढी उन्हात जळतेय मी, एक शब्द तरी वाकडा बोला. पण हे नाही ते नाहीच.

मग कारल्याचं केलं. पातळ चकत्या, मीठ लावून पिळून घेतल्या, उन्हात सुकवल्या, लिंबाचा रस, मिरची, मेथी, तेल. आणि नेहमीच्या हातानं नेहमीची मूठ मीठ. चाखायचं नव्हतंच. बरणीत भरलं, दादरा बांधला, कठड्यावर उन्हात ठेवलं. उघडायच्या दिवशी देवाला दाखवून यांना वाढलं. ताकभाताबरोबर चांगलं दोनदा घेतलं यांनी. बरं आहे म्हणाले. म्हटलं, चला, हे आवडलं तर.

तेवढ्यात वसुधाचा फोन आला, तोंड दाखवून बोलायचा, म्हणून माझं जेवण लांबलं. बोलता बोलता दिसलं की हे उठून पाणी पिताहेत. थोड्या वेळानं परत उठले. मग तांब्याच भरून खुर्चीजवळ घेऊन बसले. साखर चढली की अशी तहान लागते, हे डॉक्टरांनी घोकून घेतलं होतं माझ्याकडून. मी फोन तसाच टाकला, ते बोट टोचायचं यंत्र आणलं. यांनी बोट पुढे केलं, सरी. साखर जशी असायला हवी तशी होती. दुसरं बोट टोचलं. तेच. फोनमधून वसुधा, काय झालं, काय झालं म्हणून ओरडत होती. काही नाही म्हटलं, ठेव.

मग मी पान घेऊन जेवायला बसले. कारल्याची एक चकती तोंडात घातली आणि थुंकली. मीठ. नुसतं मीठ. जीभ सोलून निघावी असं. आणि एकदम लक्षात आलं. माझी मूठ सासूबाईंनी धरलेली, ती गुळाच्या जोडीची मूठ होती. गूळ मी काढून टाकला, आणि त्याला सांभाळणारं मीठ तेवढंच ठेवलं. हाताला कोण सांगणार की आता गूळ नाहीये?

मी तशीच खरकट्या हातानं ओसरीवर गेले. म्हटलं, अहो, हे विष आहे. तुम्ही दोनदा घेतलंत. बोलला का नाहीत?

यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी खरं खरं, न रागावता, म्हणाले, "मला वाटलं, आता असंच असायचं."

मी आत आले, पान उचललं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बरणी परसात नेऊन खड्ड्यात ओतली. राजम मामी कठड्यावरून बघत होत्या, पण त्यांनीही काही विचारलं नाही, आणि त्यांना न विचारणं फार जड जातं.

तेव्हापासून मी मुठीला नवीन वळण लावलंय. अर्धी मूठ. आमच्या घरचं बिनगुळाचं लोणचं आता चांगलं होतं, मामीसुद्धा मागून नेतात. त्यांनीच मला नारत्तंगायची तमिळ रीत दाखवली. फळ गोल गोल कापत जायचं, न तुटता, वेटोळं होईल असं. आत मीठ भरायचं आणि उन्हात वाळवायचं. तापातून उठलेल्याला ताकभाताबरोबर देतात. साखर नाही, तेल नाही, वर्षानुवर्षं टिकतं. आमच्या झाडाची फळं पूर्वी गुळात जायची, आता त्यांची काळी वेटोळी बरणीत पडलेली असतात. हे रोज एक तुकडा घेतात. पाय ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाई प्रत्येक खेपेला म्हणतात, असा पेशंट नाही बघितला, किती ऐकतात. मी हसते. त्यांना काय सांगू, की मी ज्याच्याशी लग्न केलं तो अजिबात ऐकत नसे?

माणूस वाचला यात मला आनंद नाही असं कोण म्हणेल? त्या सपाट चादरीचं मलाही स्वप्न पडतं. कुणी पुन्हा निवडायला सांगितलं तर मी पायच निवडीन. पण बाई, वाचवता वाचवता काय निसटलं, त्याचाही हिशेब मनात चालूच राहतो. आम्ही भांडायचो ते मराठीत. बाजारात तमिळ, शाळेत हिंदी, कचेरीत इंग्रजी, आणि गूळ कमी झालाय हे मराठीत. भांडण संपलं तशी घरातली मराठीही कमी झाली. सरी म्हटल्यावर पुढे बोलायचं तरी काय असतं? वसुधा येते तेव्हा बापाला मुद्दाम चिडवायला बघते, पंखा लावते, टीव्हीचा आवाज वाढवते. हे हसतात. जाताना ती मला मिठी मारून म्हणते, अप्पा किती शांत झालेत ना. म्हणते आणि रडते.

या वेळी डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. म्हटलं, वर्षातून एकदा, करंगळीच्या टोकाला लागेल एवढा गूळ चालेल का? त्या मोठ्यानं हसल्या. म्हणाल्या, आजी, तेवढ्यानं काय होतंय, द्या की.

मी एका लहान बरणीपुरती नारत्तंगायची फळं काढली. न्हाऊन, सोवळ्यानं. जुनी पुरी मूठ मीठ उचलायला गेले तर हात अर्ध्यावर थांबला, तो बळजबरीनं पुरा भरला. बरणी लहान, म्हणून त्यातलं बेताबेतानं घातलं आणि त्या जोडीनं गूळ. पाक करताना सगळ्या घरात तो वास पसरला. हे ओसरीवर होते. मला वाटलं, आता उठून येतील, दारात उभे राहून काहीतरी टोचून बोलतील. आले नाहीत.

बरणी उघडली तो दिवस चांगला होता, पाडव्याचा. देवाला दाखवलं. पानाच्या डावीकडे एवढंसं वाढलं आणि उभी राहिले. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी, या वयात, हसाल तुम्ही. यांनी करंगळीनं खार उचलला. जिभेला लावला. डोळे मिटले. मिटले हो, खरंच मिटले. क्षणभर चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, बोला. कमी झालाय म्हणा. काहीही म्हणा.

यांनी डोळे उघडले आणि हळूच बोटानं ते लोणचं पानाच्या कडेला सारलं.

"गूळ आहे यात," म्हणाले. "मला नको. तू खा."

मी म्हटलं, डॉक्टरीणबाई चालेल म्हणाल्या आहेत. नको, म्हणाले, उगाच कशाला, आणि ताकभात कालवू लागले. जेवण झालं, हात धुतला, खुर्चीत जाऊन बसले. मी त्याच पानावर माझं वाढून घेतलं. कडेला सारलेला तो घास उचलला आणि तोंडात टाकला.

जन्मभर हीच चव खाल्ली मी. हिच्यावरून भांडले, हिच्यावरून मामींशी फुशारक्या मारल्या. मिठाची मूठ बरोबर पडली होती, गूळही अगदी पूर्वीइतकाच होता. पण मला ते गिळवेना. एवढं गोड आम्ही खात होतो? इतक्या वर्षांत माझीही जीभ कधी त्यांच्यासारखी झाली, मला कळलंच नाही.

मी पाणी प्यायले. मग ओसरीवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात, स्वच्छ मराठीत, आमच्या घरात आजवर कुणीच बोललं नव्हतं ते बोलले. "अहो, गूळ जास्त झालाय."

ओसरीवर आरामखुर्ची करकरली.

"सरी," हे म्हणाले.